एक हेक्टर ऐंशी आर

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वावरातल्या मोटारीचं लाइटबिल वेळेवर भरल्याचं मला आठवत नाही. बिल आलं की ते घडी करून पत्र्याच्या पेटीत टाकायचे आणि वर कुलूप. २०१७ साली त्याच थकलेल्या बिलांनी आमच्या जमिनीला जिरायतीतून उचलून हंगामी बागायतीत नेऊन बसवलं. पेटी कधी भंगारवाल्याला दिली नाही म्हणून आईला आजही त्याचं श्रेय हवं असतं, आणि ते रास्त आहे.

समृद्धी महामार्गात जमीन गेलेला माणूस दिसला की लोकांचा पहिला प्रश्न 'किती आले?' हाच असतो. तो आकडा मी लिहिणार नाही, नातेवाईक वाचतात. पण पैसे हातात येईपर्यंत काय काय निस्तरावं लागलं ते सांगायला हरकत नाही. शक्तिपीठ आणि जालना–नांदेड महामार्गाच्या पट्ट्यातले ओळखीचे लोक अधूनमधून फोन करतात, त्यांना दर वेळी तेच तेच सांगून थकलो, हेही लिहिण्याचं एक कारण.

आमचं गाव बुलडाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात. गटाचं क्षेत्र ३ हेक्टर ६० आर, म्हणजे साधारण ९ एकर. वरच्या अंगाला मुरमाड, खाली नाल्याकडे काळी. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीला हरभरा, विहीर साथ देईल त्या वर्षी गहू. विहीर दक्षिणेच्या कोपऱ्यात, जवाहर योजनेतली. तिथून पाइपलाइन पार उत्तरेच्या धुऱ्यापर्यंत नेलेली. ती अण्णा आणि काकांनी स्वतः चर खोदून टाकली होती.

३१ जुलै २०१५ ला विधिमंडळात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नागपूर–मुंबई द्रुतगती मार्गाची, म्हणजे आजच्या समृद्धीची, घोषणा केली, तेव्हा गावात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जुना नागपूर–औरंगाबाद रस्ता मेहकरवरूनच जातो. तोच रुंद करतील आणि रस्त्याकडेच्या टपऱ्या उठतील, एवढाच आमचा अंदाज. नंतर कळलं की हा रस्ता सगळाच नवा आहे. ७०१ किलोमीटर, १० जिल्हे, ३९२ गावं, सपाटीला रुंदी १२० मीटर. गावाजवळून जाणारच नाही, वावरांतून जाईल. १२० मीटर म्हणजे किती हे समजायला काकांनी दोर घेऊन प्रत्यक्ष मोजलं. आमच्या गोठ्यापासून निघालेला दोर शेजाऱ्याच्या कपाशीत जाऊन संपला.

सुरुवातीला लँड पूलिंगची भाषा होती. जमीन द्या, त्या बदल्यात महामार्गालगत वसवायच्या नव्या नगरात विकसित भूखंड घ्या. जिरायतीला २५ टक्के, बागायतीला ३० टक्के, वर काही वर्षं वार्षिक मोबदला. समजावायला 'संवादक' म्हणून नेमलेली तरुण पोरं यायची. आमच्याकडे येणारा चांगला होता, घाम पुसत पुसत सगळं तीनतीनदा सांगायचा. अण्णांनी त्याला एकच विचारलं, "त्या प्लॉटात सोयाबीन पेरता येते का?" तो हसला, पण उत्तर त्याच्याकडे नव्हतं. नवनगर कधी होणार, भूखंड नेमका कुठे मिळणार, याची काहीच कल्पना नसताना हातातली जमीन कोण देईल? ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला. तिकडे सिन्नरच्या शिवडे गावातल्या आंदोलनाच्या बातम्या रोज येत होत्या आणि आमच्या पारावर त्या मोठ्याने वाचल्या जायच्या. माझं मत विचाराल तर थेट खरेदीचा पर्याय आला तो सरकारला एकाएकी सुचला म्हणून नाही. लोकांनी पूलिंगला हात लावला नाही म्हणून आला.

संयुक्त मोजणी २०१७ च्या उन्हाळ्यात झाली. संयुक्त म्हणजे भूमी अभिलेखचे मोजणीदार, तलाठी, रस्ते विकास महामंडळाचा माणूस, कृषी सहायक आणि वनरक्षक सगळे एकाच दिवशी वावरात. आधी नोटीस येते. त्या दिवशी घरातलं शहाणं माणूस हजर असलंच पाहिजे, ही पहिली गोष्ट. आमच्या शेजारचे लग्नाला गेले आणि त्यांचा सागवान पंचनाम्यात यायचाच राहिला. पुढे तो चढवायला त्यांना चार महिने चकरा माराव्या लागल्या.

मोजणीदाराने तीन पायांच्या स्टँडवर यंत्र लावलं. त्याचा मदतनीस काचेची काठी घेऊन धुऱ्याधुऱ्याने फिरू लागला. काठी जिथे टेकवायचा तिथे आमच्यातला एकजण चुन्याची फक्की टाकायचा. बघता बघता पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन ओळी वावरातून तिरप्या निघाल्या. मधे जे सापडलं ते १ हेक्टर ८० आर. उत्तरेला उरले १ हेक्टर ५ आर, दक्षिणेला ७५ आर.

झाडं मोजायची रीत वेगळी. कडुनिंब, बाभूळ वनरक्षकाकडे. तो छातीच्या उंचीवर टेप लावून घेर घेत होता. फळझाडं कृषी सहायकाकडे. आमचा एक गोटी आंबा होता, बारीक फळाचा, पण लोणच्याला त्याच्यासारखा नाही. सहायकाने वय विचारलं. अण्णांची छाती फुगली. "माह्या बापाच्या लग्नाआधीचा हाय हा. ऐंशीच्या खाली एक वर्ष लिहू नका." सहायक मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "दादा, त्यांना जरा समजवा. म्हाताऱ्या झाडाला पुढची फळती वर्षं कमी धरतात, किंमत पडेल." मी समजवायला गेलो. अण्णा ऐकेनात. झाड लहान सांगायचं म्हणजे त्यांना आजोबांनाच खोटं पाडल्यासारखं वाटत होतं. शेवटी पंचनाम्यात 'जुने, फळधारणा चालू' असं काहीतरी लिहून सहायकाने मार्ग काढला. भला माणूस.

विहीर ठिपक्यांच्या ओळीपासून चौदा फूट बाहेर राहिली. काकांनी टाळी वाजवली, "विहीर वाचली!" त्या दिवशी आम्ही सगळ्यांनीच आनंदाने चहा प्यायला. त्यातली गोम लक्षात यायला मला आठ दिवस लागले. विहीर दक्षिणेला आणि ती जिला पाणी द्यायची ती १ हेक्टर ५ आर जमीन उत्तरेला, मधे १२० मीटरचा भराव. विहीर जात नाही म्हणून तिचा मोबदला शून्य. पाइपलाइनचा मोबदला फक्त रस्त्यात सापडलेल्या तुकड्यापुरता. ज्यांची विहीरच गेली त्यांना तिची किंमत तरी मिळाली. आमची वाचली आणि आम्ही उत्तरेला कोरडवाहू झालो. फोन करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो: मोजणीच्याच दिवशी पाइपलाइन कुठून कुठे जाते ते नकाशावर लिहून घ्या आणि रस्त्याखालून पाइप न्यायची मागणी पंचनाम्यात नोंदवा. नंतरचा अर्ज म्हणजे नुसता कागद.

मग आला जिरायत-बागायतीचा घोळ. गाव नमुना बारामध्ये 'जलसिंचनाचे साधन' असा रकाना असतो. आमचा तो रकाना वर्षानुवर्षं कोरा. विहीर जागेवर, मोटार जागेवर, कागदावर मात्र काही नाही, कारण कुणी कधी नोंद करायला गेलंच नाही. शेतसारा कमी बसतो, राहू द्या, असा जुन्या माणसांचा हिशेब. आमच्याकडे जिरायतीच्या दीडपट हंगामी बागायत आणि दुप्पट बारमाही बागायत धरत होते. म्हणजे त्या एका कोऱ्या रकान्याची किंमत केवढी ते बघा.

आक्षेपाचा अर्ज उपविभागीय कार्यालयात द्यायचा होता आणि पुरावा जोडायचा होता. तेव्हा ती पेटी उघडली. खाली आजोबांचा फेटा, मधे सोसायटीच्या पावत्या आणि वर बिलांचा गठ्ठा. काही बिलांना वाळवी लागलेली, काहींवर तेलाचे डाग. मी ती जमिनीवर वर्षाप्रमाणे मांडली. ग्राहक क्रमांक तोच, अश्वशक्ती तीच, थकबाकी तेवढी चढत गेलेली. वीजजोडणीचं वर्ष त्यावरून सिद्ध झालं, विहिरीचा पंचायत समितीतला जुना कागदही निघाला. बाबू म्हणाला, "बिलं भरलेली दिसत नाहीत." मी म्हटलं, साहेब, भरली नाहीत म्हणूनच तर जपून ठेवलीत. आठवड्याला एक चकर, असं अडीच महिने चाललं आणि हंगामी बागायत मान्य झाली. बारमाहीचा आग्रह मी धरला नाही. एप्रिलनंतर आमची विहीर तळ दाखवते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

'पाचपट' या शब्दाने गावात फार घोटाळा केला होता. लोकांना वाटलं बाजारभावाच्या पाचपट. तसं नसतं. आधी मूळ दर काढतात: रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरतक्त्यातला भाव, आणि आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या नोंदणीकृत खरेदीखतांचे भाव, यांत जास्त असेल तो. ग्रामीण भागाला त्याला दोनने गुणतात. जे येईल त्यावर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून, झाले चारपट. आपखुशीने थेट खरेदीला तयार झालात तर या चारपटीवर आणखी २५ टक्के. असे पाच. नाही तयार झालात तर सक्तीचं संपादन आणि वरचे २५ टक्के गेले. मेख मूळ दरात आहे. आपल्याकडे खरेदीखतात भाव दाबून लिहायची सवय, मुद्रांक शुल्क वाचावं म्हणून. गावात सात लाखाला झालेला व्यवहार कागदावर तीन लाखाचा. मागच्या तीन वर्षांत ज्यांनी असे कागद केले त्यांनी सगळ्या शिवाराचा दर खाली ओढला. त्यात आमचे काकाही होते, हे घरात अजून कुणी मोठ्याने बोलत नाही.

जुलै २०१७ पासून थेट खरेदी सुरू झाली आणि एकदा पहिल्या दोघांच्या खात्यात पैसे पडलेले गावाने पाहिले की ग्रामसभेचा ठराव कुणाला आठवेना. मी कुणाला दोष देत नाही. आम्हीही संमतीपत्र दिलंच.

कागद गोळा करणं हा सगळ्यात लांबलेला भाग. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, वकिलाचा सर्च रिपोर्ट, सोसायटीचा निल दाखला (कर्ज बाकी नसल्याचा), पॅनकार्ड, पासबुक. निल दाखल्यात एक गंमत झाली. त्याच जूनमध्ये कर्जमाफी जाहीर झालेली, दीड लाखापर्यंतची. आमचं पीककर्ज त्यात बसत होतं. पण यादी कधी येणार? सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा असताना खरेदीला अडचण. अण्णा म्हणाले थांबू. काका म्हणाले भरून टाकू. भरलं. नंतर यादी लागली, बोजा अंगावर ठेवून थांबलेल्यांचं माफ झालं, आणि अण्णा दर दिवाळीला तो विषय काढतात.

पण खरी गाठ आत्यांपाशी बसली. आजोबा गेल्यावर वारसाच्या फेरफारात अण्णा, काका आणि दोन्ही आत्या अशी चार नावं लागली होती. एरवी त्या नावांकडे कुणी पाहिलं नव्हतं. धाकटी आत्या चिखलीला असते, ती म्हणाली, "मले काही नको, हक्कसोड करून देते, भाऊबीजेला बोलवत जा." थोरली रिसोडला. तिने फोनवर सरळ सांगितलं, "माह्या हिश्श्याचे मले पाहिजेत." अण्णा पंधरा दिवस तिचं नाव घेईनात. घरात शिकलेला मी, म्हणून समजूत घालायला मला पाठवलं.

एसटीत सगळं बोलणं जुळवत गेलो होतो. तुझ्या लग्नात आजोबांनी काय काय दिलं, अण्णांच्या डोक्यावर दोन पोरींची लग्नं, वगैरे. आत्याने भाकरी वाढली, ठेचा वाढला, माझं बोलणं संपेपर्यंत काही म्हणाली नाही. मग म्हणाली, "आतापस्तोर तुह्या बापाले मी तुरीचा दाणा तरी मागितला का? वावर होतं तोवर ते माहेर होतं. माहेराचा हिस्सा मागत नसतात. आता त्याचे पैसे झाले. पैशाचं कुठलं माहेर?"

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. कायदा तिच्या बाजूचा होता हे मला आधीपासूनच माहीत होतं, आणि तरी मी गेलो होतो. परतल्यावर अण्णांना फक्त इतकं सांगितलं की ती हक्कसोड देणार नाही. ते रात्रभर ओसरीवर बसून होते. सकाळी म्हणाले, एकीला द्यायचं आणि दुसरीला साडीवर भागवायचं हे बरं दिसत नाही, चार हिस्से करा. धाकटीने नको नको म्हणत घेतले. ज्या घरांनी बहिणींकडून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या त्यांच्यातले तंटे आजही कोर्टात आहेत, म्हणून हेही फोनवाल्यांना सांगतो.

खरेदीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात सगळं कुटुंब. अंगठ्याच्या यंत्राला थोरल्या आत्याचा अंगठाच उमटेना. जन्मभर निंदण, खुरपणी करून रेषा झिजलेल्या. पदराने पुसला, ओल्या फडक्यावर घासला, दुसऱ्या हाताचा लावला. ऑपरेटर पोरगा वैतागला नाही हे विशेष. सातव्यांदा हिरवा दिवा लागला तेव्हा आत्या म्हणाली, "लग्नातबी इतक्या वेळा हात धरला नव्हता कोणी." अण्णा हसले. दोन महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलले, तेही "चहा घेतेस का" एवढंच. पैसे त्याच दिवशी जमा झाले असा मोबाइलवर मेसेज आला, पण अण्णांचा मेसेजवर भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी पासबुक छापून आणलं, ते त्यांनी चष्मा लावून तीन वेळा वाचलं आणि त्याच पेटीत ठेवलं.

पैशाचं पुढे काय झालं ते थोडक्यात. जमीन घ्यायची म्हणून आम्ही बाहेर पडलो तर साऱ्या पट्ट्यातले लोक तेच शोधत होते. भाव असे चढले की साडेचार एकर देऊन आमच्या वाट्याला कशीबशी दोन एकर आली, तीही घरापासून अकरा किलोमीटरवर. काकांनी मेहकरात प्लॉट घेतला. काहींनी गाड्या घेतल्या, त्यांची थट्टा फार होते, पण पाइपलाइनच्या चरात कंबर मोडून घेतलेल्या माणसाला एकदा एसीत बसावंसं वाटलं तर त्यात एवढं काय, मला कळत नाही.

काम २०१९ मध्ये सुरू झालं. आधी पोकलेन, मग हायवा ट्रकांची रांग. आमच्या उत्तरेच्या तुकड्यालगत भराव वीस-बावीस फूट चढला. सोयाबीनच्या पानांवर धूळ इतकी की हिरवा रंग दिसत नव्हता. टँकरने पाणी मारायचं ठरलेलं, ते साहेब येणार असतील त्या दिवशी मारलं जायचं. नुकसानीचे अर्ज आम्ही केले, पंचनामा झाला, भरपाई आली ती फवारणीच्या खर्चालाही पुरली नाही.

एक सौदा मात्र बरा झाला. भरावाला मुरूम हवा होता आणि शेततळं खोदून निघालेला मुरूम रस्त्याला द्यायचा, खोदाई फुकट, अशी योजना होती. उत्तरेचा तुकडा कोरडा पडलेलाच होता, आम्ही होकार दिला. पोकलेनवाल्याने पाच दिवसांत तळं काढलं. ठरल्यापेक्षा बरंच खोल आणि उताराऐवजी उभे काठ, कारण त्याला मुरूम हवा होता, आम्हाला तळं. पहिल्या पावसात भरलं, दिवाळीच्या आत आटलं. मुरमातून पाणी झिरपून जातं. मग काठ तासून उतार केला, प्लास्टिकचा कागद अंथरला. आता हरभऱ्याला दोन पाणी मिळतात. म्हशी उतरू नयेत म्हणून सभोवती काट्या लावल्यात.

नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. मग भरवीरपर्यंत, मग इगतपुरीपर्यंत, आणि शेवटचा आमण्यापर्यंतचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. मुंबईला जाणं सोपं झालं हे खरंच आहे. काकांचा नातू ठाण्याला नोकरीला आहे, तो आता सणाला येतो आणि परतही जातो. रस्त्यावर दुचाकी आणि ट्रॅक्टरला मात्र बंदी आहे, त्यामुळे आमच्याच वावरावर बांधलेल्या रस्त्यावर आम्हाला आमच्या वाहनाने चढता येत नाही. उत्तरेच्या तुकड्यात जायला भरावाखालचा बॉक्स, म्हणजे आरपार जायचा बोगदा, गाठावा लागतो, तो पाऊण किलोमीटर पुढे. आषाढात त्यात गुडघाभर पाणी साचतं. बैल बिचकतात, अण्णा बैलांना शिव्या देतात, आणि मग बंडी मागे वळवतात.

२०२३ मध्ये नव्या नोंदी आल्या, गटाचे तीन पोटहिस्से झाले. कमी-जास्त पत्रकात, म्हणजे बदललेलं क्षेत्र नोंदवायच्या कागदात, उत्तरेच्या तुकड्याचं क्षेत्र १ हेक्टर ५ आरऐवजी ९५ आर लागलंय. दहा आर, पाव एकर, कागदावरून उडालं. जाग्यावर आहे, त्यात हरभरा उभा आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला, सुनावणी झाली, पुन्हा मोजणी करायची ठरली, तिचे पैसे आम्हीच भरलेत. पुढच्या मंगळवारची तारीख आहे. उरलेल्या जमिनीवर चारही नावं अजून तशीच आहेत, म्हणून थोरल्या आत्याला आदल्या दिवशीच बोलावलंय. अण्णांनी तिच्यासाठी ठेच्याच्या मिरच्या आणून ठेवल्यात, आणि मला पेटीतले २०१७ चे पंचनाम्याचे कागद काढून ठेवायला सांगितलंय.